मी सगळं देते, असं मी कधी म्हटलं होतं?

मी एक जुनी घरविम्याची पॉलिसी आहे. जुनी म्हणजे पाच वर्षांची. मित्रांनो, हसू नका. पोलादी कपाटात, नवरात्रीत मांडायच्या बाहुल्यांच्या खोक्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार वर्षं कुणी न उघडता पडून राहा, मग सांगा वय कसं वाढतं ते.

माझी पानं बावीस. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी, वाक्यं लांबच लांब. दिसायला मी सुंदर नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी खोटी नाही. माझ्या पोटात जे आहे ते लिहिलेलं आहे, आणि जे नाही तेही लिहिलेलं आहे.

तंजावरच्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात मी यंत्रातून गरम गरम बाहेर पडले. मुरलीकृष्ण नावाच्या एजंटाने मला स्कूटरवरून जयतीर्थ आणि नागलक्ष्मी यांच्या घरी आणलं. जयतीर्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. स्वभावाने मऊ, भांडणाला भिणारे. नागलक्ष्मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या. गल्लीत सगळे त्यांना ‘टीचर अम्मा’ म्हणत. दोघांचेही पूर्वज मराठे राजांच्या काळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात बोलणं मराठी, लिहिणंवाचणं तमिळ आणि इंग्रजी.

‘सार, सगळं कव्हर आहे. आता निवांत झोपा,’ मुरलीकृष्ण तमिळमध्ये म्हणाला.

‘एकदा वाचून बघू का?’ नागलक्ष्मींनी हात पुढे केला.

‘कशाला अम्मा? सगळ्यांचं सारखंच असतं.’

हात मागे गेला. कढईत काहीतरी करपत होतं, त्या आत गेल्या. मी कपाटात गेले.

नंतरची वर्षं माझं कौतुक फार झालं. निजायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. नागलक्ष्मी म्हणाल्या, गवंडी बोलवा. जयतीर्थ म्हणाले, ‘असूं दे गे. पॉलिसी आहे कीं!’ स्कूटर उघड्यावर भिजायची. ‘पॉलिसी आहे कीं!’ एकदा तर त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की घर पडलंच तर जागेच्या भावासकट सगळे पैसे मिळतील. मी कपाटात तडफडले. अहो, जमीन कुठे पडते? ती जिथल्या तिथेच राहते. मी बांधकामाचा खर्च देते, जमिनीचा भाव नाही. ओल हळूहळू मुरते, ती घरमालकाने बघायची. स्कूटरचा विमा वेगळा. सगळं माझ्या पोटात लिहिलेलं होतं. पण मला तोंड नव्हतं, आणि ज्यांना डोळे होते त्यांनी मला उघडलं नव्हतं.

गेल्या वर्षी कार्तिकात वादळ आलं. भर दुपारी शेजारच्या आवारातलं वाळत चाललेलं चिंचेचं झाड मुळासकट उपटलं आणि कंपाउंडची भिंत पाडून स्वयंपाकघराच्या कौलांवर आदळलं. दोघेही पुढच्या खोलीत होते म्हणून वाचले. पण वरून पाण्याची धार लागली. फ्रिज गेला, ग्राइंडर गेला. आणि फडताळातल्या सात वह्या भिजल्या. नागलक्ष्मींच्या आजोबांनी मराठी कीर्तनं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या वह्या. घरात कुणालाही ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी दर दसऱ्याला त्या पूजेत मांडल्या जायच्या. शाई वाहून पानांवर निळी तळी झाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कपाटाबाहेर आले.

जयतीर्थांनी नुकसानीची यादी केली. छप्पर, भिंत, फ्रिज, ग्राइंडर. मग त्यांचा धीर वाढला. खाली त्यांनी ओल आलेली निजायची खोली लिहिली, स्कूटर लिहिली, आणि शेवटी वह्या लिहून त्यांच्यापुढे एक मोठा आकडा टाकला. नागलक्ष्मी तेव्हा घरातलं पाणी उपसत होत्या. त्यांनी यादी पाहिली नाही.

कंपनीने पाहणीला गुरुमूर्ती नावाचे गृहस्थ पाठवले. ते घाईत होते. यादीत निजायची खोली दिसली म्हणून आधी तिकडे गेले. भिंतीला बोट लावलं, पोपडा हातात आला. मागचं स्वयंपाकघर त्यांनी दारातूनच पाहिलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं: घर जुन्या ओलीने आधीच खराब झालेलं होतं, कंपाउंडची भिंत घरात मोडत नाही, दावा नामंजूर.

मित्रांनो, मला फार राग आला. आजवर माझ्या नावावर नसलेलं सगळं मला चिकटवलं गेलं होतं. आता माझ्यात असलेलंही नाही म्हणून सांगितलं जात होतं. आणि दोन्ही वेळा मला कुणी वाचलं नव्हतं!

‘सोड गे,’ जयतीर्थ म्हणाले. ‘मोठी कंपनी. आपण कोण?’

ओसरीवर चूल मांडून स्वयंपाक चालला होता. भात उतरवून नागलक्ष्मींनी हात पुसले, चष्मा लावला, फूटपट्टी आणि पेन्सिल घेतली आणि मला उघडलं. पहिल्या पानापासून. फूटपट्टी ओळीखाली धरून त्या एकेक ओळ खाली सरकत होत्या, जशा मुलींच्या उत्तरपत्रिका तपासत असतील. दोन दिवस लागले. पाचव्या पानावर त्या थांबल्या. घर म्हणजे काय, ते मी तिथे सांगते. त्यात कंपाउंडची भिंत स्वच्छ लिहिलेली आहे. सातव्या पानावर वादळ आहे, पडलेलं झाड आहे, घरातलं सामान आहे. अकराव्या पानावर मी काय देत नाही ते आहे. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग नवऱ्याला हाक मारली.

‘अहो, इकडे या. ही यादी तुम्ही केली?’

‘केली. काय झालें?’

‘खोलीची ओल, स्कूटर, वह्या. ह्यांतलें एकही मिळायचें नाही. इथें लिहिलें आहे.’

‘मुरली बोलला कीं सगळें…’

‘मुरली बोलला, तुम्ही ऐकलें, मीही सही होऊं दिली. तिघेही चुकलों.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘पण झाड पडलें तें खरें. तें मी सोडणार नाही.’

दुसऱ्या दिवशी मला कापडी पिशवीत घालून त्या टाउन बसने कंपनीच्या ऑफिसात गेल्या. जयतीर्थ मागे मागे. व्यवस्थापकांचं नाव सत्यनारायण. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तेच पत्र वाचून दाखवलं.

नागलक्ष्मींनी पर्समधून पेन काढलं. यादी टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोर निजायच्या खोलीवर आडवी रेघ मारली. मग स्कूटरवर. मग वह्यांवर पेन आलं. तिथे हात थोडा थांबला.

‘अम्मा, हे काय करता?’ सत्यनारायण म्हणाले.

‘जे माझं नाही ते खोडते आहे. आजोबांच्या अक्षराची किंमत मी कुणाला विचारणार नाही. तुम्हालाही नाही.’ रेघ मारली गेली. ‘आता जे उरलं ते माझं आहे. पाचवं पान काढा. मोठ्याने वाचा.’

‘सर्वेयरचा रिपोर्ट आला आहे, अम्मा, आमच्या हातात काही…’

‘पान पाच, सार.’

त्यांनी वाचलं. कंपाउंडची भिंत या शब्दांवर त्यांचा आवाज बारीक झाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे माना वळवून बघत होते. जयतीर्थ घामाने भिजले होते, पण उठून गेले नाहीत. तेवढ्यात ते चक्क बोलले. ‘सार, निजायची खोली मी लिहिली. माझी चूक. पण चिंच माझ्या चुकीने नाही पडली.’

तरीही तिथे काम झालं नाही. ‘वर पाठवतो,’ एवढंच उत्तर मिळालं. नागलक्ष्मींनी लेखी तक्रार देऊन पोच घेतली. महिना उलटला, कंपनी गप्प. मग त्यांनी चेन्नईला विमा लोकपालाकडे अर्ज केला. सोबत माझ्या पानांच्या प्रती जोडल्या आणि वादळाच्याच दुपारी, फांद्या हलवण्याआधी काढलेले फोटो. सुनावणी कॉम्प्युटरवर झाली. निवाडा करणाऱ्या लोकपाल बाईंनी कंपनीच्या माणसाला एकच विचारलं, ‘स्वयंपाकघराच्या छपरावर ओलीने झाड उगवलं होतं का?’

छपराचे, भिंतीचे, फ्रिजचे, ग्राइंडरचे पैसे मंजूर झाले. खोलीची ओल जयतीर्थांनी स्वतःच्या पैशांनी काढली, आणि गवंड्याच्या शेजारी उभं राहून काढली. वह्यांचं काही झालं नाही. नागलक्ष्मींनी पान अन् पान पंख्याखाली वाळवलं. चार वह्यांत काहीच उरलं नाही. ते नुकसान मी भरून दिलं नाही, देऊ शकत नव्हते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

आता दर शनिवारी ओसरीवर गल्लीतल्या बायका आपापल्या पॉलिसी घेऊन येतात. एकदा विशालाक्षी आल्या. घरातलं सोनं चोरीला गेलं तर मिळेलच, अशी त्यांची खात्री होती. नागलक्ष्मींनी फूटपट्टी ठेवून दाखवलं की त्यांच्या पॉलिसीत चोरीचं संरक्षण नाही. हवं तर ते वेगळं मागून घ्यावं लागेल. विशालाक्षी रागावून गेल्या, आणि सोमवारी ते मागून घेऊन आल्या. मुरलीकृष्ण म्हणतो, टीचर अम्मांमुळे धंदा अवघड झाला. होऊ दे!

मित्रांनो, आमची जात मुकी आहे. आमच्या नावाने कुणीही काहीही वचन देतं, कुणीही काहीही नाकारतं. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण कपाटात असेल. आज तिला बाहेर काढा. आईबाबांच्या शेजारी बसा आणि तिची सगळी पानं वाचा. नकाराचं पान तर आधी वाचा. आणि कुणी म्हणालं, ‘सगळं कव्हर आहे,’ किंवा कुणी म्हणालं, ‘काहीच मिळणार नाही,’ तर घाबरू नका. त्याच्यापुढे पॉलिसी उघडून ठेवा आणि म्हणा, बोट ठेवा. कुठल्या ओळीवर, ते दाखवा.