दिव्यानीच्या वतीने

"हा निकाल फसवणुकीने मिळवलेला आहे. तो रद्द करण्यात येत आहे," न्यायाधीश म्हणाले, तशी दिव्यानीने शेजारच्या मंजुषा वकीलबाईंचा हात घट्ट धरला.

"म्हंजे उर्वशी मले भेटली का बाई?"

"अजून नाही. मुलगी कोणाकडे राहणार, ते आता पुन्हा पहिल्यापासून ऐकतील. तोवर तारखेला तिला भेटता येईल."

दिव्यानी वडशाच्या, हिवाळाभर गावोगावी रंगणाऱ्या झाडीपट्टी नाटकांत काम करायची. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं, तेव्हा जेमतेम बोलू लागलेली उर्वशी चामोर्शीला सासरीच राहिली. मुलीसाठी दिव्यानीने वकील केला. "नाटकं सोडून कशाले येता? तारीख लागली का मी सांगतो नं," तो म्हणायचा. त्याने कधी सांगितलंच नाही. ती नागभीडला रंगमंचावर असताना तो कोर्टात उभा राहिला आणि तिच्या वतीने म्हणाला, माझ्या पक्षकाराला मुलगी नको आहे. त्यावरच निकाल लागला. दिराच्या जमिनीचा खटलाही तोच चालवत होता, हे मंजुषाबाईंनी शोधून काढेपर्यंत उर्वशी चौथीत गेली होती.

मधल्या हिवाळ्यांत दिव्यानी गावोगावी पडद्याच्या फटीतून पुढे बसलेल्या पोरी बघायची. आता आपली एवढी झाली असेल, असं म्हणत एकीवरून दुसरीवर नजर फिरवायची.

पहिल्या भेटीला आजी रुखमाबाई उर्वशीला कोर्टाच्या आवारात घेऊन आली आणि लांब जाऊन बसली. लिंबाखालच्या बाकावर दोघीच उरल्या.

"तुमी मले नको म्हटलं ना?" उर्वशीने विचारलं.

"मी नाई म्हटलं, बेटा. वकिलानं म्हटलं."

"मंग तो खोटं बोलून राह्यला, असं तुमी काऊन नाई सांगतलं?"

"मी तिथी नव्हती. मले बलावलंच नाई."

"आजी म्हणते, ज्या मायले पोरगी पायजे, ते न बलावता येते."

कोर्टाने निकाल पुसला होता. 'मुलगी नको' हे वाक्य मात्र एवढी वर्षं या पोरीच्या मनात होतं.

उर्वशी म्हणाली, "पुढच्या तारखेले येता का?"

"येतो तं! सकाळीच येऊन बसतो."

ऊन चढलं होतं. पोरीने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवलेली पाहून दिव्यानीने आपली पाण्याची बाटली पुढे केली. उर्वशीने ती घेतली. मान मागे टाकून, बाटलीला ओठ न लावता, परक्याकडचं प्यावं तसं वरून पाणी प्यायली आणि झाकण नीट लावून बाटली परत दिली.