लेथची खांदेमळणी

माझा जावई पितांबर काही करायच्या आधी कुणाला विचारत नाही, केल्यावर मात्र हात जोडतो. हात जोडलेल्या माणसाला काय बोलणार. त्यात जावयाला तर बोलायचंच नसतं. आमच्या घराण्यात सासू जावयाशी तोंडानं बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, जरा तिरपं बसायचं आणि जे काय असेल ते लेकीला सांगायचं. लेक त्याला सांगते, तो लेकीला सांगतो, लेक मला. तिघं एकाच शेडमध्ये, चार हातांवर, आणि वर इंजिनाचा धडधडाट. माझ्या लेकीचा, ताईबाईचा, घसा वर्षभर बसलेला होता.

शेड म्हणजे धुळ्यातला आमचा कारखाना. तेलावरचं एक इंजिन आणि लोखंड कातून गोल करणारा एक लेथ. ताईबाईच्या वडिलांनी लेथ मुंबईहून जुनाच आणला आणि तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा तो माझ्यावर सोडून गेले. इंजिन वर आढ्याजवळचा लांब दांडा फिरवतं. त्या दांड्यावरून चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा खाली लेथच्या पुलीवर येतो आणि लेथ फिरतो. पट्टा जिथं वादीनं शिवलाय तो सांधा पुलीवरून जाताना टप वाजतो. ओट्यावर डाळ निवडत बसले तरी मला त्या टपटपीवरून कळतं, आत काम चाललंय की गप्पा.

लेथवर वना मिस्तरी होते. पंधरा वर्षं होते. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते लोखंडाऐवजी बोटाजवळ हत्यार न्यायला लागले. तेव्हा मी पिंपळनेरहून जावयाला बोलावून घेतलं. तिकडं त्यांचे भाऊ चार आणि नांगर दोन, त्यामुळं हा गेला तरी कुणी शोधत आलं नाही. वर्षभर वनाभाऊंच्या हाताखाली शिकला. शिकला असं वनाभाऊ म्हणत, मला दिसलं नव्हतं.

श्रावणात कापसाच्या जिनिंगवाल्यांनी रुळाचा एक दांडा कातायला पाठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा माणूस गाडी घेऊन येणार होता. मी ताईबाईला म्हटलं, "सांग त्यांना. हा दांडा वेळेवर, एकट्यानं पुरा केला तर लेथ त्यांचा. नाही तर पोळा झाला की पिंपळनेरची वाट धरा."

ताईबाईनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा जास्तच बसला. भावजयांच्या हाताखाली परत जायचं तिच्या जिवावर आलं होतं, हे मला कळत होतं. पण कळतं म्हणून लेथ कुणाच्या हातात देता येत नाही.

पितांबरनं हात जोडले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दांडा अर्धा झाला होता. पोळ्याला मात्र सकाळी टपटप नाही. मी ताईबाईला विचारलं, "काय झालं? इंजिन बिघडलं?"

ती आत जाऊन आली. म्हणाली, "आज पोळा शे, आई. ते म्हणतात, आज बैलाला जुंपत नाहीत."

"आपल्याकडं बैल कुठं आहे?"

ती परत आत गेली, परत आली. "ते म्हणतात, तोच."

पदर सावरून मी आत गेले. लेथला झेंडूची माळ. लोखंडी पाठीवर केळीच्या पानात पुरणपोळी. पितांबर बाजूला उभा, नवं उपरणं गळ्यात टाकून. माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाला, "मामीले सांग, तो बी बैलच शे. बठ्ठा घरनं पोट त्यानावर शे."

साऱ्या घराचं पोट त्याच्यावर, हे मात्र खोटं नव्हतं, म्हणून मी बाहेर आले. एक दिवस गेला तर गेला. पुरणपोळी वनाभाऊंनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. वरचा दांडा फिरू लागला आणि टपटप आली, पण कशी, तर दारू प्यालेला माणूस जिना उतरल्यासारखी. टप. बराच वेळ काही नाही. टप टप. मी सूप खाली ठेवलं.

आत वनाभाऊ नाक वर करून उभे होते. म्हणाले, "अक्का, तूप कुठं कढतंय?"

पट्टा पिवळा होता, काल झेंडूच्या पिवळ्यात माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. पुली पिवळी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, वर्षभर जू ओढून ते दुखलेले असतात म्हणून. यानं लेथचा खांदा शोधला होता, आणि तो पट्टा आहे असं ठरवून अच्छेर तूप त्याच्यात जिरवलं होतं. दोन रात्री मुरलेलं. पट्ट्यानं पुलीला घट्ट धरावं म्हणून आम्ही राळेची पूड टाकतो, आणि हा माणूस तूप चोळतो. वर दांडा जोरात फिरत होता, खाली लेथला वाटेल तेव्हा तो फिरत होता.

मी ताईबाईला म्हटलं, "सांग त्यांना, पट्टा उतरवा आणि पुसा."

"ते म्हणतात, उतरवून चढवायला दुपार होईल. हलका हलका काप घेतला तर चालतोय."

"सांग, चालत नाहीये."

ताईबाई सांगायला वळली आणि मी बघितलं ते असं. पितांबर काप नीट दिसावा म्हणून वाकला. कालपासून गळ्यात असलेल्या उपरण्याचं टोक दांडा धरणाऱ्या बोल्टात गेलं. एक वेढा, दुसरा वेढा, आणि त्याचं नाक दांड्यापासून चार बोटांवर. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण तो ताईबाईकडून जायचा होता, आणि ताईबाईची पाठ माझ्याकडं होती.

मग उपरण्याचा ताण बसला आणि लेथ थांबला. पट्टा वरच्या वर पुलीवरून घसरत राहिला, गरम तुपाचा वास सुटला, आणि पितांबर लेथला नमस्कार घालतोय तसा अडकून राहिला. मी पट्टा सरकवायची काठी ओढून तो शेजारच्या, नुसत्याच फिरणाऱ्या रिकाम्या पुलीवर सरकवला. पट्टा कोरडा असता तर लेथ थांबला नसता, आणि ही गोष्ट मी सांगितली नसती.

ताईबाईनं विळ्यानं उपरणं कापलं. तोपर्यंत वनाभाऊंनी कातलेल्या लोखंडावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. "ओरखडा नाही," म्हणाले. "मान अडकली तेव्हा यानं आधी हत्यार मागं घेतलंय, अक्का. मग मानेचं बघितलं. आणि काप असा, की अंड्यावरून बोट फिरतंय."

मीही बोट फिरवलं. खरं होतं.

पितांबरच्या मानेला लाल वळ होता. त्यानं हात जोडले आणि बायकोला म्हणाला, "मामीले सांग, देवनी वाचाडं."

ताईबाई माझ्याकडं वळली. मी तिला हातानं बाजूला केलं. पदर डोक्यावरच ठेवला, पण तिरपी उभी राहिले नाही.

"जवाईबुवा, देवाला मधे घेऊ नका. तुम्हाला तुपानं वाचवलं, आणि ते तूप माझ्या शिंकाळ्यातलं होतं. आता पट्टा उतरवून खडूच्या पुडीनं चोळा, पुली रॉकेलनं पुसा, राळ टाका, आणि गाडी यायच्या आत दांडा पुरा करा. लेथ तुमचा, तुपाचा डबा माझ्याकडं. आणि गळ्यात कापड घालून परत त्याच्याजवळ उभे दिसलात, तर मी ताईबाईला सांगत बसणार नाही, आजच्यासारखीच बोलेन."