संहितेनुसार

नांदेडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या रेणुकादास सरांनी मडिवाळप्पांच्या मंडळाला सरकारी अनुदान मिळवून द्यायचं मनावर घेतलं, ते खऱ्या मायेपोटी. त्यात काही खोट नव्हती.

मंडळ बिलोलीच्या पलीकडलं, मांजरेकाठच्या एका गावातलं. आठ माणसं, सोंगांचा खेळ करणारी. मडिवाळप्पा राजा व्हायचे आणि ईश्वरप्पा त्या राजाचे चाकर. खेळात एक वेळ अशी यायची की राजा विचारी, "काय रे, नगरीत काय चाललंय?" आणि मग तासभर ईश्वरप्पा थांबत नसत. ज्या गावात खेळ, त्या गावात ते सकाळीच पोचत. गिरणीपाशी टेकत, हॉटेलात चहा घेत. कोणाची म्हैस कोणाच्या रानात शिरली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं, सगळं गोळा करत, आणि तेच चाकराच्या तोंडून बाहेर पडे. ज्याच्यावर बोलणं चाले तोच सगळ्यात मोठ्यानं हसे.

पण जत्रांना आता डीजे येऊ लागला होता. वर्षाकाठी पाच-सहा खेळ उरले. मडिवाळप्पा म्हणाले, "सर, सरकार मदत करून राहिलंय म्हणं लोककलेला. आमाला कागदातलं काय कळत न्हाई. तुमी बघा की."

सरांनी बघितलं. अर्जाला खेळाची लिखित संहिता लागत होती, आणि हा खेळ तर कधी कोणी लिहिलाच नव्हता. सरांनी एका गावचा खेळ मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि दिवाळीच्या सुट्टीत बसून शब्दन् शब्द उतरवून काढला. बासष्ट पानं झाली. ईश्वरप्पांनी तो गठ्ठा हातात धरून त्याचं वजन पाहिलं.

"एवढं बोलतो मी?" म्हणाले आणि हसले.

परीक्षक तिघे आले. दुपारीच मंडळाच्या गावातल्या शाळेच्या पटांगणात खेळ लावला. तिघांच्या मांडीवर संहिता उघडी. येताना त्यांची गाडी गावाबाहेरच्या चिखलात रुतली होती आणि चार पोरांनी ढकलून काढली होती. ईश्वरप्पांनी नगरीची खबर म्हणून तीच घेतली. सगळं पटांगण लोटपोट झालं. परीक्षकही हसले, एकानं तर चष्मा काढून डोळे पुसले. महिन्यानं पत्र आलं: 'सादरीकरण संहितेनुसार नाही. अपात्र.'

"हसले की वो ते," ईश्वरप्पा म्हणाले.

"हसले. पण त्यांनाही वर कागद द्यावा लागतो," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी लिहिलंय तसंच बोलायचं. बाकी काही नाही."

ईश्वरप्पांना वाचता येत नव्हतं. दर रविवारी सर एसटीनं जायचे आणि एकेक वाक्य वाचून त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे. ज्या गावात रेकॉर्डिंग झालं होतं, तिथल्या पाण्याच्या गळक्या टाकीवर त्यात लांबलचक बोलणं होतं.

"सर, आमच्या गावात तर टाकीच न्हाई. लोक कामून हसतील?"

"नसू द्या. कागदात आहे ना, मग म्हणा."

हे बोलताना सरांना काही वाटलं नाही.

पाठ काही होईना. चार वाक्यं नीट जात. पाचव्याला बघणाऱ्यांतलं कोणी खोकलं की ईश्वरप्पा त्या खोकल्यालाच उत्तर देत. सर हात वर करून थांबवत. ईश्वरप्पा कान धरून "चुकलो" म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून. असे आठ महिने गेले. हळूहळू ते खोकल्याला उत्तर देईनासे झाले. नुसते थांबत आणि सरांच्या तोंडाकडे बघत.

तपासणीची तारीख ठरली, तेव्हा चाकराचं काम बालाजीला द्यावं हे सरांनीच सुचवलं. बालाजी मडिवाळप्पांचा जावई, डी.एड. होऊन घरी बसलेला. दोन रविवारांत त्यानं सगळं मुखोद्गत केलं होतं. मडिवाळप्पा खाली बघत राहिले. ईश्वरप्पांनी चाकराची टोपी काढून बालाजीच्या हातात दिली.

"घे बाबा. मंडळ जगलं पाह्यजे," म्हणाले, आणि चपला घालून घराकडे गेले. त्या दिवसानंतर ते तालमीकडे फिरकले नाहीत.

अनुदान मंजूर झालं. अट अशी: वर्षात वीस प्रयोग, संहिता हीच, दर प्रयोगाचे फोटो आणि सरपंचाचा दाखला.

चौथा प्रयोग लातूरकडं, मुरुडला झाला. बालाजी एक अक्षर चुकला नाही. लोक कशाची तरी वाट बघत बसलेत, हे कडेला उभ्या असलेल्या सरांना दिसत होतं. अखेर एक म्हातारा उठला.

"कुठल्या टाकीचं सांगायलाय हा? आमच्या गावचं काय बोलतो का न्हाई?" म्हणाला आणि काठी टेकत निघाला. त्याच्यामागं बायकाही उठल्या.

ईश्वरप्पा अर्धापूरला केळीच्या ट्रकात घडांखाली पाला अंथरायच्या कामाला लागलेत, असं कळलं होतं. सर दुसऱ्याच दिवशी तिथं गेले.

"परत चला," सर म्हणाले. "आता तपासायला कोणी येत नाही. तुम्हाला सुचेल ते बोला. माझं चुकलं, ईश्वरप्पा."

"तुमचं काय चुकलं. तुमी भल्यासाठीच केलं." ईश्वरप्पांनी पाला सारून त्यांना बसायला जागा केली. "पर आता येत न्हाई, सर. हितल्या बाया म्हणतात, मामा, बोला की काही. तोंड उघडतो, अन् आधी मनात येतं, हे लिहिलंय का न्हाई? तेवढ्यात हसायची येळ निघून जाती. लई करून बघितलं."

"येईल हळूहळू परत," सर म्हणाले.

"हाव, येईल की," ईश्वरप्पा म्हणाले, ते सरांना बरं वाटावं म्हणूनच. ट्रकवाल्यानं हाक मारली, तसे ते उठून गेले.

पुढचा खेळ रविवारी होता. मडिवाळप्पांनी मुकुट बांधता बांधता विचारलं, "काय म्हणले?" सरांनी नकारार्थी मान हलवली. मडिवाळप्पांनी गाठ आवळली.

तीसेक माणसं होती, लांब लांब बसलेली. बालाजीचं बोलणं निम्म्यावर आलं आणि लोक उठू लागले. तसे सर मोबाईल घेऊन पुढं धावले.

"दोन मिनिटं बसा," ते हात जोडून म्हणाले. "सगळे पुढं या, जवळ जवळ बसा. एवढा एक फोटो होऊ द्या, मग खुशाल जा."