तळ्यावरची भेट

नवऱ्याचं, चन्नबसप्पाचं, घर सोडून नागवेणी दावणगेरेला आली, तरी तो तिच्या मागावर होताच. ती शिवणकामाच्या कारखान्यातून सुटली की तो समोरच्या पानपट्टीवर उभा. दवाखान्यात गेली तर फाटकापाशी. अंगाला हात लावत नसे की शब्द बोलत नसे. नुसता बघायचा. नागवेणीने दोनदा खोली बदलली, रस्ते बदलले. शेवटी तीच त्याला खबर देते असा घरमालकिणीवर संशय घेतला आणि त्या बिचारीशी भांडलीही.

शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या शमीमने एक दिवस विचारलं, "अक्का, हा फोन कुणी घेऊन दिला?"

"त्यानेच. सगळं त्यानेच चालू करून दिलं."

शमीमने फोन घेतला आणि जेवणाच्या सुट्टीभर त्यात डोकं घातलं. फोनवरचं खातं चन्नबसप्पाच्या नावाचं होतं, त्यामुळे फोन कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसत होतं. व्हॉट्सॲपला एक परका कॉम्प्युटर जोडलेला होता. तिने बहिणीला लिहिलेला शब्दन् शब्द तो वाचत होता. ऐकताना नागवेणीच्या हातातली चपाती तशीच राहिली. बहिणीपाशी तिने काय काय ओकलं होतं, ते सगळं तिला आठवलं.

शमीम तो कॉम्प्युटर काढून टाकायला निघाली, तसा नागवेणीने तिचा हात धरला. "राहू दे. आत्ता काढलंस तर तो सावध होईल, आणि माझ्या हाती काहीच उरणार नाही."

शमीमने आपल्या फोनवर त्या पडद्याचे फोटो काढले. ते घेऊन दोघी महिला पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदार बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पण कॉम्प्युटर त्याचाच कशावरून, आणि रस्त्यावर उभा राहणारा माणूस योगायोगाने आलो म्हणेल, असं त्या म्हणाल्या.

"मग तो बोलेल असं करते," नागवेणी म्हणाली.

शमीमच्या फोनवरून तिने बहिणीला, गिरिजाला, सगळं सांगितलं आणि घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलं. मग आपल्या फोनवरून तिलाच निरोप लिहिला: उद्या दुपारी कुंदवाडच्या तळ्यावर ये, वकिलाकडे जायचंय, कुणाला बोलू नकोस. एक अक्षर चुकलं नाही ना, ते दोनदा वाचून पाहिलं आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती तळ्याकाठच्या बाकावर बसली. साध्या साडीतल्या फौजदार बाई आणि एक शिपाईबाई शेजारच्या गाड्यावर मंडक्की, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, खात उभ्या होत्या. चन्नबसप्पा आला. या वेळी लांब थांबला नाही. वकिलाचं नाव त्याला झोंबलं असावं.

नागवेणी उठली नाही. एरवी त्याला पाहिलं की तिचे पाय आपोआप चालू लागायचे. आज तिने ते जमिनीला घट्ट टेकवले.

"एकटीच बसलीस?" तो म्हणाला. "गिरिजा आली नाही वाटतं? आणि वकील कसला शोधताय दोघी?"

"गिरिजा येणार, हे तुला कुणी सांगितलं?"

तेवढ्यात फौजदार बाई हात झटकत पुढे आल्या आणि तोच प्रश्न त्यांनी विचारला. आधी तो म्हणाला गिरिजानेच सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे तिला फोन लावला, तिने साफ नाही म्हटलं. मग म्हणाला, बायकोचा फोन नवऱ्याने पाहिला तर बिघडलं काय? शिपाईबाईने ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं.

गुन्हा नोंदवला गेला. त्याचा कॉम्प्युटर जप्त झाला, आणि तिच्या आसपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम पुढे निघाला. पानपट्टीसमोरून जाताना नागवेणीची नजर अजून तिकडे वळते. घरमालकिणीची तिने माफी मागितली, पण तिचा अबोला अजून पुरता सुटलेला नाही.

पोलिसांनी फोन तपासून परत दिला, त्या संध्याकाळी शमीम तो साफ करायला बसणार होती. नागवेणीने तिला बाजूला बसवलं. "तू नुसतं सांग. करणार मी." जुनं खातं काढलं, नवं आपल्या नावाचं केलं, जोडलेलं सगळं तोडलं. लग्नाच्या तारखेचे आकडे इतकी वर्षं कुलूप म्हणून होते, ते बदलायला ती फोन छातीशी धरून भिंतीकडे वळली.

"मला तरी सांग, विसरलीस तर?" शमीम हसून म्हणाली.

"नाही विसरणार," नागवेणी म्हणाली. "आणि तुलाही नाही सांगणार."