गज मुठीत धरवेना

माझा दीर व्हिगिल बारा वर्षं खालच्या गावात गवत कापायची यंत्रं विकत होता. तेवढ्यावर आपल्याला गवतातलं सगळं कळतं असं त्याला वाटायचं. माझा नवरा गेल्यावर तो वर डोंगरावर माझ्याकडे राहायला आला आणि पहिलं काम केलं ते खांबांचं. आमच्या उतारावर गवत जमिनीवर वाळत नाही, आडव्या खुंट्या ठोकलेल्या खांबांवर टांगावं लागतं. साठ खांब होते. या शहाण्याने चाळीस फोडून चुलीत घातले.

दोन दिवसांच्या उन्हावर त्याने सगळं गवत माळ्यावर चढवलं. "बघा वहिनी, शेजारी अजून खांबच रोवत बसलेत," म्हणाला.

मी मूठभर गवत पिळून बघितलं. मोडलं नाही, नुसतं वाकलं.

"ओलं आहे, भावोजी. ढिगात आतून तापून पेटेल."

तो हसला. माझ्या तीन गायींचा हिवाळा त्याच ढिगात होता.

रोज सकाळी मी ढिगात लांब लोखंडी गज खुपसायचे आणि थोड्या वेळाने ओढून मुठीत धरायचे. धरवला नाही तर ढीग उपसायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. व्हिगिलला कळत नव्हतं आणि विचारायला त्याला कमीपणा वाटत होता. पाचव्या दिवशी गज जेमतेम धरवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याने एकदा खाली मान घालून मला विचारावं, ही माझी हौस. जेवताना तो खांबांची टिंगल करत राहिला आणि मी मुकाट्याने सूप ओरपत राहिले.

सातव्या दिवशी माळ्यावर भट्टीतल्या पावासारखा गोड वास सुटला. गजाने तळहात पोळला. मग मात्र मी त्याला हाक मारली. संध्याकाळपर्यंत आम्ही वाफेत उभं राहून ढीग उपसला. माळा वाचला. गवत तंबाखूसारखं तपकिरी झालं होतं, टांगायला खांब वीसच आणि त्यात पाऊस लागला. बरंचसं उतारावरच कुजलं.

थंडी पडायच्या आधी ग्राउलीला, माझ्या थोरल्या गाईला, विकावं लागलं. व्हिगिलने तिचा दोर हातात घेतला आणि फाटकाशी थांबला.

"चुकलंच माझं, वहिनी. पण ढीग तापलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

"पाचव्या दिवशी."

इतके दिवस मी त्याच्याकडे जसं बघत आले होते, तसंच त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाय घेऊन उतरायला लागला.