सहा श्वासांपुरता कागद

मित्रांनो, हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारे मी एक जुने ईसीजी यंत्र आहे. पलूसच्या या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कितीतरी छात्यांची धडधड माझ्या सुईने रेषांत जपली. मग नवे यंत्र आले. ते दहा सेकंदांत आलेख काढते आणि निकालही स्वतःच छापते. माझ्यावर खोळ चढली आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे धुळीखेरीज मला कुणाचा स्पर्श नव्हता.

गेल्या सोमवारी सयाजीमामा आले. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार; बारा वर्षांचा मधुमेह. शिरवळच्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी ठरली होती. तंदुरुस्तीच्या दाखल्यावर डॉक्टर संयोगिताबाईंची सही तेवढी हवी होती. नव्या यंत्राने 'ठीक' असा शेरा दिला. डॉक्टरांनी पेन उचलले, आणि त्यांची नजर मामांच्या पायावर गेली. अंगठ्याला चिंधी होती.

"हे कधी झालं?"

"गुऱ्हाळात चुलवणापाशी भाजलं म्हनं. मला कळलंच न्हाई," मामा हसले.

"फोड मी बघितला. ह्यास्नी पत्ता न्हाई," त्यांच्या पत्नी रंगूबाई म्हणाल्या.

पेन खाली ठेवले गेले. "मधुमेहानं पायाच्या नसा मुक्या झाल्यात. हृदयाच्याही झाल्या असतील तर?" असे म्हणत डॉक्टरांनी मला खाली उतरवले. त्यांना सलग एक मिनिटाचा आलेख हवा होता. माझ्या पोटात कागदाचे थोडेच वेढे उरले होते.

पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे सहा श्वास. निरोगी हृदय श्वास घेताना जरा धावते, सोडताना रेंगाळते. माझ्या कागदावर ठोक्यांतली अंतरे आखडतात आणि पसरतात. मामा मात्र 'सावधान'चा हुकूम सुटल्यासारखे ताठ निजले आणि त्यांनी श्वास रोखूनच धरला. कागद वाया जात राहिला.

"आवं, परेड न्हाई ही!" रंगूबाई ओरडल्या. "घरात ऐकत न्हाई, हितं तरी ऐका. हात वर केला की श्वास घ्या, खाली केला की सोडा."

"बरं. आज साहेब तू," मामा पुटपुटले.

हात वर गेला, खाली आला. छाती भरली, ओसरली. पण ठोके जागचे हलेनात. प्रत्येक रेषा मागच्या रेषेइतक्याच अंतरावर. मी पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिलो, मग त्याच्या पुढच्या. सहावा श्वास संपला आणि कागदाच्या कडेला भेंडोळे संपल्याची लाल पट्टी दिसली.

मामांनी तो कागद अभिमानाने न्याहाळला. "बघा की, एक पाऊल चुकलं न्हाई. पलटणीगत!"

"मामा, तेच नको होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "श्वासाबरोबर ठोक्यांची चाल बदलायला हवी होती. एका चाचणीवर सगळं ठरत नाही. पण नसा अशा बधिरल्या, तर हृदयाचा झटका न दुखताही येऊ शकतो. सांगलीला पुढच्या तपासण्या होईपर्यंत मी सही करणार नाही."

मामा रागाने झटकन उभे राहिले. लगेच त्यांचा तोल गेला आणि हात टेबलाची कड चाचपू लागला. रंगूबाईंनी तो धरला.

"ही भोवळ कवापासनं?"

"दोन महिनं." मामांचा आवाज प्रथमच खाली आला. "तू भिशील म्हनून बोललो न्हाई."

"हीसुद्धा त्याच नसांची खूण असू शकते," डॉक्टर म्हणाल्या.

दाखला सहीविनाच राहिला. मंगळवारी सकाळी दोघे सांगलीला गेले.

मित्रांनो, माझा कागद संपला आहे. नवा मिळेल की नाही, ठाऊक नाही. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या 'मला काही होत नाही'वर विसंबू नका. त्यांची पावले रोज उजेडात पाहा. आणि उठताना ते भिंतीचा आधार घेऊ लागले, तर जवळ जाऊन विचारा: कधीपासून?