सावडीची उमेदवारी

अमरावतीला कमलाकांत वकिलांच्या ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते स्वतः बसत. दुसरीवर गेली पाच वर्षं कुणी बसलं नव्हतं. पक्षकार आले की बाकावर बसत, आणि एखादा नवखा चुकून त्या खुर्चीकडे वळलाच, तर त्यांच्या पत्नी रमाबाई आतून म्हणत, "तिचा पाय डगमगतो हो, बाकावर बसा." खुर्चीचे चारी पाय ठणठणीत होते. ती शेंदूरजनाघाटच्या खुशालरावांची खुर्ची होती.

सदुसष्टच्या जानेवारीत एका सकाळी वकील पेपर वाचत होते. लोकसभेसाठी अर्ज मागे घ्यायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. विरोधी पक्षांची आघाडी होणार, होणार म्हणून महिनाभर बैठका झाल्या, एकीच्या आणाभाका झाल्या, चहाचिवडा तर सगळ्यांत जास्त झाला. आणि शेवटी ज्यानं त्यानं आपापला माणूस उभा ठेवला. एकानंही माघार घेतली नव्हती.

"एकालाही दुसऱ्यासाठी उठावंसं वाटलं नाही?" रमाबाईंनी विचारलं.

वकिलांनी पेपरची घडी केली आणि ते समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. आठवायचं नाही असं ठरवलेलं सगळं त्यांना आठवायला लागलं.

सत्तावन्न साल! काय दिवस होते ते! चार पक्ष, चार झेंडे आणि चौघांत मिळून जीप एक, तीही ढकलल्याशिवाय न हलणारी. पण माणसं एका ताटात जेवत. जागा एक आणि उभं राहण्याजोगे दोघं, एवढाच काय तो घोळ होता. वकिलांची इंग्रजी फर्डी, कोर्टात दबदबा. खुशालराव संत्र्याच्या बागांचे मालक. मोर्शीपासून वरूडपर्यंत त्यांच्या शब्दाला मान. दोघांनी अर्ज भरलेले. ह्याच ओसरीवर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चारही पक्षांनी घसा कोरडा केला. शेवटी खुशालरावांनी खुर्चीवर घेतलेले पाय खाली सोडले.

"आमच्याकडं सावड असते, वकीलसाहेब. आज माहे बैल तुमच्या वावरात, उद्या तुमचे माह्या वावरात. कागद नाई, साक्षीदार नाई. या खेपेले तुमी उभे राहा. पुढच्या खेपेले मी. मंजूर हाय का?"

"मंजूर," वकील म्हणाले.

खुशालरावांनी अर्ज मागे घेतला, आपली दमणी, ती हलकी बैलगाडी, जुंपली आणि वकिलांना शेजारी बसवून गावोगाव फिरले. रिद्धपूरला वकिलांनी घटनेचं कलम समजावून सांगायला घेतलं, तेव्हा खुशालरावांनी मागून त्यांचा कोट ओढला आणि उरलेलं भाषण स्वतःच ठोकून दिलं. दुपारी एखाद्या विहिरीवर बैल सोडायचे, खुशालरावांच्या घरून मैनाबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा खायचा, वर संत्री. निवडणुकीत वकील सपाटून पडले. पण निकालानंतर त्याच दमणीतून परत येताना दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. कोर्टात मोठमोठे दावे जिंकूनही वकिलांना इतकं सुख कधी लाभलं नव्हतं.

मग बासष्ट आलं. पाळी खुशालरावांची. खबरदारी म्हणून दोघांनी अर्ज भरले होते. एकाचा काढून घ्यायचा, तो कुणाचा हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण आघाडीची बैठक अकोल्याला एका जिनिंग कारखान्याच्या आवारात भरली, आणि हरिहरपंतांनी, म्हणजे आघाडीच्या म्होरक्यांनी, भलताच सूर लावला.

"वारं ह्या वेळी आपल्याकडे आहे," ते म्हणाले. "लोकसभेत सरकारविरुद्ध मतदानाची वेळ येते तेव्हा आपला एकेक माणूस मोलाचा. तिथं कायदा जाणणारा, उठून बोलणारा हवा. कमलाकांत, तुम्हीच उभे राहा."

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. ते कापसाच्या गठाणीला टेकून बसले होते.

"वकीलसाहेबाले इचारा," एवढंच ते म्हणाले.

पाळी खुशालरावांची आहे, हे शब्द वकिलांच्या अगदी ओठांवर आले होते. पण दिल्लीचं नाव काढलं की भल्याभल्यांची जीभ जड होते, आणि आमचे वकील काही आकाशातून पडलेले नव्हते.

"पाहू," ते म्हणाले.

खुशालरावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि ते स्टेशनाकडे निघून गेले.

त्या 'पाहू'नं वकिलांना पुढे अन्न गोड लागू दिलं नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी ते कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांपाशी आले आणि परत फिरले. लोकसभेत आपण उठून उभे आहोत, सारं सभागृह ऐकतं आहे, असं त्यांना दिसत होतं. मग खुशालरावांचे बैल दिसत. चौकातल्या पानाच्या टपरीपर्यंत जाऊन ते पुन्हा पायऱ्यांपाशी आले. मुदत संपत आली तेव्हा कुठं आत शिरले आणि अर्ज मागे घेतल्याची सही करून मोकळे झाले. छातीवरचा धोंडा उतरला.

कागदावर शिक्का मारून झाल्यावर अधिकाऱ्यानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, खुशालराव तर सकाळीच अर्ज काढून घेऊन गेले. आता तुमच्या आघाडीचं कोण राहिलं?"

कुणीच राहिलं नव्हतं. एकदा मागे घेतलेली उमेदवारी परत मिळत नाही, हा कायदा वकिलांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

बाहेर कडुनिंबाखाली खुशालराव उभे होते. हातात झेंडूचा हार. वकिलांना पाहताच ते हसत पुढे आले.

"मी अर्ज मागे घेतला, खुशालराव," वकील म्हणाले.

हार वर उचललेला हात तसाच राहिला.

"असं का केलंत तुम्ही? पाळी तुमची होती!"

"मले वाटलं, मीच आधी बाजूले झालो तं तुमाले शब्द मोडा लागनार नाई."

"म्हणजे मी मोडणार, असं धरूनच चाललात?" वकिलांचा आवाज चढला. "इतकंच ओळखलंत मला?"

 खुशालरावांनी हार पायरीवर ठेवला आणि ते चालू लागले. तो हार संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होता म्हणतात.

हरिहरपंतांनी दोघांना नाही नाही ते सुनावलं. चारही पक्ष एकमेकांवर खापर फोडत पांगले. गावानं दोघांची यथेच्छ टिंगल केली. मला विचाराल, तर पुढे जे निवडून आले त्यांच्यापेक्षा हे दोन खुळे शतपटीनं बरे. पण खुशालराव पुन्हा ह्या ओसरीवर आले नाहीत, आणि वकीलही तिकडे फिरकले नाहीत. हातची पाळी गेली म्हणून खुशालरावांनी राग धरला, असं वकील समजून चालले.

"काय विचारते मी?" रमाबाई म्हणाल्या. "एकालाही उठावंसं वाटलं नाही?"

"नाही वाटलं."

"मग तुम्ही तरी उठा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं वकील निघाले. मोर्शीला चहा घेतला, आणि ऊन चढायच्या आत शेंदूरजनाघाटच्या बागेत पोचले. तोडणी चालू होती. मैनाबाईंनी त्यांना आधी पाहिलं. "अवं माय, वकीलभाऊ!" म्हणत त्यांनी पदर सारखा केला आणि नवऱ्याला हाक मारली.

खुशालराव झाडाखालून बाहेर आले. केस पार पिकले होते. वकिलांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि एक टोपली उचलली.

"सत्तावन्नची सावड फेडायला आलोय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी मतं मागायची होती, ती राहिली. हे तरी करू द्या."

खुशालरावांनी नुसतं झाड दाखवलं. दोघं शेजारी शेजारी तोडायला लागले.

"वकीलसाहेब," थोड्या वेळानं खुशालराव म्हणाले, "तुमी फळ तोडून नाई राहिले, झाड उपटून राहिले."

दुपारी मैनाबाईंनी भाकरी आणि ठेचा आणला. खुशालरावांचा घास हातातच राहिला.

"मी रागावलो नवतो," ते म्हणाले. "मले लाज वाटत व्हती. दिल्ली दिसली का मानूस मांगं पाहत नाई, असं मी धरून चाललो. तुमी मांगं पाह्यलं. मंग कोन्त्या तोंडानं येऊ तुमच्या ओसरीवर?"

 वकिलांना कडुनिंब आठवला, पानाची टपरी आठवली.

"तुम्ही काही खोटं धरलं नव्हतं, खुशालराव," ते म्हणाले. "पायऱ्यांपर्यंत येऊन परत फिरलो होतो मी."

 खुशालरावांनी हातातली अर्धी भाकरी त्यांच्या पानात टाकली.

"मंग आता पाळी माही," ते म्हणाले. "तोडनी झाली का येतो अमरावतीले. पन तुमाले ना वावर, ना बैल. तुमच्या घरी काम तरी काय हाय?"

"ओसरीवर एक खुर्ची आहे," वकील म्हणाले. "तिच्यावर बसायचं काम आहे."